फनकर, मूळ गाव पेण

मुंबईहून तेल अवीवला निघालेल्या माणसाला विमानतळावर दोन प्रश्न हमखास विचारतात. बॅग कुणी भरली? आणि कुणाला नेऊन द्यायला म्हणून कुणी काही दिलंय का? विचारणारा पंचविशीतला पोरगा, चेहरा कोरा, नजर थेट तुमच्या डोळ्यांत. "मीच भरली" आणि "नाही" ही दोन उत्तरं दिली की माणूस सुटतो. पण ठाण्याहून कायमच्या इस्राएलला निघालेल्या आमच्या शेजारच्या मावशींना खोटं बोलायची सवय नव्हती. बॅग भरली होती त्यांच्या धाकट्या जावेनं. झाकण बसेना म्हणून वर बसलो होतो मी. आतल्या सामानात मावशींच्या मालकीचं म्हणाल तर चार साड्या आणि प्रार्थनेचं पुस्तक. बाकी सगळं लोकांनी दिलेलं: आमसुलं अश्दोदच्या नणंदेला, गोडा मसाला बीरशेबाच्या भाच्याला, जाड पोह्यांचा पुडा दिमोनात कुणा ओळखीच्यांच्या ओळखीला.

मावशींनी हे सगळं नातेवाइकांच्या नावानिशी सांगितलं. मग बॅग उघडली. आमसुलं हुंगून झाली, मसाला कुठल्याशा यंत्रातून फिरवून आणला, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेली विळी निघाली.

"हे काय आहे?"

"विळी."

"कशासाठी?"

"नारळ खवायला." मावशींनी तिथंच मांडी घालून दाखवायची तयारी केली. ती वेळ आली नाही. विळी सामानाच्या डब्यातून जायला मोकळी झाली. मावशींनी नंतर फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांचा राग वेगळाच होता. "पोरगा ज्यू असून त्याला मलिदा ठाऊक नाही रे! पोहे कशाला म्हणून विचारतो!"

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं. नवस फेडायचा असो की नव्या घरात जायचं असो, एलियाहू हन्नावीच्या नावानं तो ताटात मांडायचा. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर या संदेष्ट्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे अशी बेने इस्राएल मंडळींची श्रद्धा. आता बायबलातला एलिया स्वर्गात जाताना अलिबागवरून का गेला, हे विचारू नये. मांडव्यापर्यंत बोटीनं आला असता तर वेळ वाचला असता, एवढं मात्र मावशींच्या यजमानांचं मत होतं.

बेने इस्राएल हे कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचाच आपण विस्तार, अशी त्यांची परंपरागत कथा. पोटासाठी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणू लागले शनवार तेली. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, केहीमकर. नावांनाही कोकणी पाणी लागलं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 साली ज्यांनी उभं केलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात. पुढं इंग्रजी अमदानीत शाळा शिकून ही मंडळी पलटणीत गेली, रेल्वेत गेली, पोस्टात, कस्टमात, म्युनिसिपालिटीत गेली. आणि मुख्य म्हणजे कारकून झाली. कारकुनी अशी भिनली की घरटी एक तरी माणूस टेबलामागं सापडे.

म्हणून माझं म्हणणं असं की स्थलांतर म्हणजे देश बदलला, हवा बदलली वगैरे सगळं बोलायला ठीक आहे. या मंडळींच्या बाबतीत खरा बदल एकच झाला. पिढ्यान्‌पिढ्या खिडकीच्या आत बसून "उद्या या" म्हणणारी माणसं खिडकीच्या बाहेर येऊन उभी राहिली.

तीही कुठल्या खिडकीच्या? नव्या इस्राएलच्या. मे 1948 मध्ये राष्ट्र जन्माला आलं तेव्हा तिथं साडेसहा लाखांच्या आसपास ज्यू होते. 1951 संपेपर्यंत बाहेरून जवळपास सात लाख आले. म्हणजे घरच्या माणसांहून पाहुणे जास्त, आणि पाहुण्यांपैकी परत जायचं नाव फारसं कुणी काढीना. मध्येच 5 जुलै 1950 ला परतीचा कायदा झाला. प्रत्येक ज्यूला या देशात येऊन स्थायिक व्हायचा हक्क आहे, असं तो सांगतो. कायदा लहान आणि सुंदर आहे. त्याच्याबरोबर येणाऱ्या फॉर्मांविषयी मात्र तसं म्हणता येत नाही.

येमेनचे आले, इराकचे आले, मोरोक्कोचे आले, पोलंड-रुमानियाचे आले. राहायला तंबू आणि पत्र्याच्या झोपड्या. त्या छावण्यांना माबारा म्हणत. खायला रेशन. अंड्यांच्या जागी अंड्यांची पूड. तांदूळ तर मिळेच ना, आणि पूर्वेकडून आलेल्या लोकांना भाताशिवाय चैन पडेना. तेव्हा पंतप्रधान बेन गुरियन यांनी एका खाद्यकंपनीला गळ घातली आणि तिनं गव्हाच्या पिठाचे तांदळाच्या आकाराचे दाणे काढले. लोकांनी त्याचं नाव ठेवलं बेन गुरियनचा तांदूळ. इस्राएली पोरं ते आजही आवडीनं खातात. पण कोकणातून उठून गेलेल्या माणसाची अवस्था काय झाली असेल! पानात वाफाळलेला ढीग दिसतोय, वर पातळ कालवण घातलंय, हात आपोआप कालवायला जातोय, आणि तोंडात जाते शेवयांची धाकटी बहीण.

असल्या तांदळावर माणूस किती दिवस काढणार? शिवाय काम मिळे ते रस्त्यावर खडी फोडायचं किंवा शेतात खणायचं. ज्यानं आयुष्यात टाकापेक्षा जड काही उचललं नाही त्याच्या हाती कुदळ. काळा-गोरा भेद होतो, आम्हाला पावसुद्धा काळा देतात, अशीही तक्रार होती. 1951च्या अखेरीला बीरशेबाकडच्या काही बेने इस्राएल कुटुंबांनी तेल अवीव गाठलं आणि ज्यू एजन्सीच्या दारात धरणं धरलं. मागणी एकच: आम्हाला मुंबईला परत पाठवा. गांधीजींच्या देशातून आलेल्या माणसांना सत्याग्रह कसा करायचा हे कुणी शिकवायला नको होतं. उपोषणं झाली, बोलाचाली झाल्या, आणि 1952 मध्ये शंभरावर माणसांना खरंच विमानानं भारतात आणून सोडलं. पुण्यभूमीत जाऊन, तिथं धरणं धरून, भाडं दुसऱ्याकडून काढून परत येणं सोपं नव्हे. त्याहून अस्सल पुढची गोष्ट आहे. मुंबईत उतरल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांनी नवा अर्ज टाकला, आम्हाला इस्राएलला परत न्या. मुंबईची चाळ सोडून गेलेल्या माणसाला चाळ आठवते आणि चाळीत परत आलेल्याला चाळ दिसते. बाकी काही नाही.

हे फक्त आपल्याच लोकांचं झालं असं समजू नका. हिटलरच्या धास्तीनं तिशीच्या दशकात जर्मनीतून जे डॉक्टर-प्रोफेसर पॅलेस्टाईनला आले त्यांच्यावरही गवंड्याच्या हाताखाली उभं राहायची वेळ आली. तिथले लोक अजून सांगतात की विटा हातोहात पुढं सरकताना रांगेतून "घ्या डॉक्टरसाहेब", "आभारी आहे प्रोफेसरसाहेब" असा अखंड घोष चालू असे. आलेल्या जर्मन माणसाला पहिला प्रश्न विचारत: तुम्ही श्रद्धेनं आलात की जर्मनीहून? नव्वदीत सोव्हिएत संघातून दहा लाखांच्या घरात माणसं आली, त्यांत वादक एवढे की विमानातून जो व्हायोलिन न घेता उतरेल तो पियानोवाला समजावा, असं लोक म्हणू लागले. येणाऱ्या प्रत्येक लाटेची आधीच्या लाटेनं टवाळी करायची हा तिथला राष्ट्रीय पाहुणचार आहे. तो पचला की माणूस इस्राएली झाला.

या टवाळीतून मोठा झाला एफ्राइम किशोन. हंगेरीचा हा लेखक 1949 साली हैफा बंदरात उतरला तेव्हा त्याचं नाव फेरेंत्स किशोन्त होतं. टेबलावरच्या कारकुनानं फेरेंत्स ऐकलं, असलं नाव नसतं म्हणाला आणि एफ्राइम किशोन लिहून मोकळा झाला, असं किशोन स्वतःच सांगत असे. पुढं त्यानं कारकुनांवर आयुष्यभर लिहून हिशेब चुकता केला. 1964च्या त्याच्या 'सल्लाह शबाती' या चित्रपटात पूर्वेकडून आलेल्या एका कुटुंबप्रमुखाला झाडं लावायच्या कामावर ठेवतात. परदेशी देणगीदार येतो, त्याच्या नावाची पाटी जंगलात झळकते. तो गेला की पाटी उखडतात आणि त्याच जंगलात पुढच्या देणगीदाराची ठोकतात. आपल्याकडच्या वृक्षारोपणात खड्डा तोच असतो, तिथं जंगल तेच. सिनेमा पाहून इस्राएली जनता खो खो हसली, आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं.

किशोनचं नाव निदान कारकुनानं ठरवून बदललं. आपल्या लोकांची नावं लिपीनंच बदलली. हिब्रू उजवीकडून डावीकडं चालते हे ठीक, पण रोजच्या लिखाणात ती बरेचसे स्वर लिहीतच नाही. व्यंजनं मांडायची, बाकी वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. पुन्हा प आणि फ एकाच अक्षरात भागवतात. तेव्हा मावशींच्या घरचं 'पेणकर' असं ठणठणीत नाव खिडकीतून आत गेलं की प-न-क-र एवढंच उरतं. खिडकीमागच्या बाईंनी पेणही पाहिलेलं नाही आणि पेणचे गणपतीही नाहीत. त्या मोठ्यानं पुकारतात, "फनकर! फनकर आहे का कुणी?" पेणकर बाकावर बसून आपल्या नंबराची वाट बघतायत. हिंदीत फनकार म्हणजे कलावंत, तेव्हा गायन-वादनाशी ज्यांचा सिनेगॉगमधल्या प्रार्थनेपलीकडं संबंध आला नाही अशी घराणी आणखी एखाद्या पिढीनं कलावंतांची म्हणून मिरवतील.

तरी हे आत शिरल्यानंतरचं झालं. त्याआधी ज्यू असल्याचा पुरावा लागतो. आईवडिलांच्या लग्नाचा करार, धर्मगुरूंचं पत्र, जन्माचे दाखले, त्यांवर सरकारी शिक्के. मावशींच्या कागदपत्रांत त्यांच्या वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर दानियल, रेशनकार्डावर डॅनियल, आणि पोस्टाच्या पासबुकात नुसतंच डी. "हे तिघं कोण?" असं मुलाखतीत विचारलं. मावशी म्हणाल्या, "तिघंही माझे वडील." मग प्रतिज्ञापत्र केलं, नोटरी झाली, आणि तिन्ही वडील एकच असल्याचं कायद्यानं ठरलं.

आता पूर्वीसारखे तंबू नाहीत, हे कबूल. विमानतळावरच स्थलांतरिताची पुस्तिका हातात ठेवतात, टॅक्सीनं फुकट मुक्कामी पोचवतात, पहिले काही महिने खर्चाला पैसेही देतात. पण ते बँकेत जमा होतात, बँकेला ओळखपत्र लागतं, आणि ओळखपत्र गृहखात्याच्या कचेरीत. तिथं जो रांग शोधायला जाईल तो फसला. रांग असते, पण माणसांच्या डोक्यांत. आत आल्यावर विचारायचं, शेवटचा कोण? कुणीतरी हात वर करतो. त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि मग खुशाल बाहेर जाऊन कॉफी प्यायची. परत येऊन "मी यांच्या मागं" म्हटलं की भांडण सुरू होतं. आणि ज्याला एवढंही करायचं नाही तो थेट खिडकीला नाक लावतो आणि म्हणतो, फक्त एक प्रश्न आहे. हा 'फक्त एक प्रश्न' विचारायला अर्धा तास लागतो आणि त्यात तीन फॉर्म भरून होतात. मावशींचे यजमान जन्मभर सरकारी नोकरीत. त्यांना हे बघून आधी संताप आला, मग कौतुक वाटलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी खिडकीपाशी जाऊन शुद्ध मराठीत "एक मिनिट हं बाई" म्हटलं. काम झालं.

घर भाड्यानं घ्यायचं तर पाहुण्यानं आधी दिवे आणायचे. मालक घर देतो म्हणजे भिंती देतो. छतातून दोन तारा लोंबत असतात, त्यांना काय टांगायचं ते तुम्ही बघा. फ्रीज तुमचा, शेगडी तुमची. वर बारा महिन्यांचे बारा चेक आगाऊ सही करून द्यायचे आणि दोन जामीन उभे करायचे. काल विमानातून उतरलेल्या माणसाला जामीन कोण राहणार? अश्दोदची नणंद राहिली. दुसरा जामीन पोह्यांचा पुडा ज्यांना पोचवला ते दिमोनाचे गृहस्थ. विमानतळावरच्या त्या पोराला कुणीतरी हे कळवायला हवं, की बॅगेत दुसऱ्याचं सामान नेलं नसतं तर मावशींना घर मिळालं नसतं.

एका बाबतीत मात्र आपली माणसं बाजी मारतात. अमेरिकेहून येणारे ज्यू अख्खा कंटेनर भरून संसार आणतात. त्यांचा फ्रीज जिन्यात अडकतो, आणि 110 व्होल्टची यंत्रं तिथल्या 230 व्होल्टला लावली की धूर सोडतात. मावशींचा दादरला घेतलेला मिक्सर पंधरा रुपयांची पिन बदलताच पहिल्या दिवशी फिरला. शेजारची न्यूयॉर्कची बाई ट्रान्सफॉर्मरच्या खोक्याशी झटत असताना मावशींची चटणी वाटून झाली होती. त्यांनी वाटीभर पाठवली. नंतर बरेच दिवस त्या बाईनं लसणाच्या भीतीनं दार उघडलं नाही, पण ते सोडा.

भाषेसाठी उल्पान नावाचे वर्ग असतात. रोज पाच तास, आठवड्याचे पाच दिवस, पाच महिने. एका बाकावर रशियन इंजिनियर, फ्रेंच दंतवैद्य, इथिओपियाची आजी आणि आमच्या मावशी. बाईंनी सांगितलं, हिब्रूत पुरुषानं 'मी जातो' म्हणायचं तर एक रूप आणि बाईनं म्हणायचं तर दुसरं. इंग्रजी बोलणाऱ्यांचे चेहरे उतरले. मावशींना कळेना, यात शिकवण्यासारखं काय आहे. बाई जातेच म्हणणार. जातो म्हणायला ती काय कोल्हापूरची आहे? या एका धड्यात मावशी पहिल्या आल्या. आकड्यांचा धडा आला तेव्हा त्या शेवटून पहिल्या आल्या, तो भाग फोनवर गाळला होता. यजमानांनी सांगितला.

शनिवारची गंमत निराळी. ज्यांच्या पूर्वजांनी कोकणात, कुणी विचारणारं नसताना, शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांचा वंशज तेल अवीवला जातो आणि बघतो तर शनिवारी अर्धं शहर चड्ड्या घालून समुद्रावर. नेहमीच्या बस मात्र बंद. म्हणजे ज्याच्याकडं गाडी आहे त्यानं शब्बाथ मोडावा आणि ज्याच्याकडं नाही त्यानं पाळावा.

आणि एवढं सगळं पाळून आलेल्यांनाच एकदा विचारलं गेलं की तुम्ही पुरते ज्यू आहात का? साठीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या प्रमुख धर्मपीठानं फर्मान काढलं: बेने इस्राएल कुटुंबात लग्न लावण्याआधी वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. कोकणात जे कुणी कधी विचारलं नाही ते जेरुसलेममध्ये विचारलं. इथं मात्र विनोद करवत नाही. बायकामुलांसह लोक पुन्हा रस्त्यावर बसले. ऑगस्ट 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेनं बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत असं जाहीर केलं, मग धर्मपीठ नमलं. सामाजी हसाजींच्या सिनेगॉगला तेव्हा 168 वर्षं झाली होती, संसदेला पंधरा. आणखी एक गोष्ट विनोदी लेखात बसत नाही, पण गाळणंही बरं नाही. लोद, रामला या ज्या गावांत आपली बरीच माणसं जाऊन राहिली, तिथले बहुतेक अरब रहिवासी 1948च्या युद्धात घालवून दिले गेले होते. त्यांच्यासाठी परतीचा कायदा नाही.

दिमोना 1955 साली वाळवंटात वसवलेलं गाव. तिथल्या कापडगिरण्यांत आपल्या माणसांनी नोकऱ्या केल्या. गावाबाहेरची अणुभट्टीसुद्धा आधी कापडगिरणीच म्हणून जगाला सांगितली होती, त्यामुळं तिथं 'मी गिरणीत आहे' असं कुणी म्हटलं तर पुढं विचारत नसत. आज तिथं फरसाण मिळतं, क्रिकेट चालतं, कुकरच्या शिट्ट्या वाजतात. इस्राएलमधून मराठीत 'मायबोली' नावाचं नियतकालिक निघत आलंय आणि महाराष्ट्र दिनही साजरा होतो. इकडं स्वातंत्र्याच्या सुमारास वीसेक हजार असलेले बेने इस्राएल काही हजारांवर आले, आणि 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. अल्पसंख्य होण्यात त्यांनी तरी काही कसर ठेवली नव्हती.

परवा मावशींच्या नातीचा फोन आला. लष्करी सेवा संपवून ती इतर इस्राएली पोरांसारखी भारतात फिरायला येणार आहे. आधी गोवा, मग कसोल. तिला भारतीय वंशाचं, ओसीआयचं कार्डही काढायचंय. सैन्यात सक्तीची सेवा केलेल्यांनाही ते मिळेल असं पंतप्रधान मोदींनी 2017 साली तेल अवीवमध्ये जाहीर केलं होतं. त्यासाठी आजीआजोबा भारतीय होते याचा पुरावा हवा. तिनं इस्राएली कागदांचा गठ्ठा जोडून दिला होता. तो परत आला. शेरा असा, की आजोबांचं आडनाव भारतीय पासपोर्टवर पेणकर आहे, तेव्हा अर्जातले हे फनकर कोण, याचा खुलासा करावा.

मावशींचे यजमान मागून ओरडून सांगत होते, "तिला म्हणावं खिडकीला नाक लाव आणि म्हण, फक्त एक प्रश्न आहे!"